अंदाजपत्रकातली चौदावी ओळ

आमच्या गावच्या सातेरीच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचं ठरलं आहे. मुंबईच्या मंडळाने अंदाजपत्रक पाठवलं, त्याची झेरॉक्स गेल्या महिन्यात माझ्या हातात आली. पाया, कॉलम, स्लॅब, गाभाऱ्याला संगमरवर, सभामंडपाला टाइल्स, कळसाला सोनेरी रंग, रस्त्यावर कमान. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं: ‘पायाखाली वाळवीप्रतिबंधक फवारणी, गाभाऱ्यासह.’

त्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. आमची सातेरी म्हणजे वारूळ आहे. गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नाही, जमिनीतून वर आलेलं कमरेइतकं उंच तांबूस मातीचं वारूळ आहे. त्याला लुगडं नेसवतात, वर मुखवटा लावतात आणि जत्रेच्या दिवशी ओटी भरायला रांग लागते. मुखवटा उतरवला की खाली माती आहे. ती वाळवीने चढवली आणि अजून चढवते आहे.

अंदाजपत्रक लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. कुठलीही इमारत बांधायची तर ही फवारणी करतात, त्याने रोजच्या सवयीने ओळ लिहिली. दोष आमचा. तो कागद गावातल्या आणि मुंबईतल्या पन्नास-साठ जणांनी तरी वाचला असेल. व्हॉट्सॲपवर फिरला, कमानीच्या रंगावरून दोन दिवस वाद झाला, पण चौदाव्या ओळीवर कोणी बोट ठेवलं नाही. बोलली ती देवळात रोज केर काढणारी म्हातारी. तिला वाचता येत नाही. कोणीतरी कागद वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “तुमी वाळवी मारल्यात तर देवी वाडतली कशी?”

कोकणात गावोगाव देवळं नवी होत आहेत आणि ती कशी नवी करायची हा केवळ बांधकामाचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या पूर्वजांना देव सापडला तो अगदी साध्या, कोणी वळूनही पाहणार नाही अशा वस्तूंमध्ये: मातीचा ढिगारा, न घडवलेला दगड, व्हाळाकाठचं (ओढ्याकाठचं) झाड, चिखल. जीर्णोद्धार करताना आपण नेमक्या त्याच वस्तू अडगळ म्हणून काढून टाकतो आणि मग रिकाम्या जागी देवाची प्रतिष्ठापना करतो. ही पद्धत बदलली पाहिजे, आणि ती गावानेच बदलली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातेरी वाढते, ही आमच्याकडची जुनी समजूत. कोणाचा आजा म्हणायचा, माझ्या लहानपणी देवी गुडघ्याएवढी होती. शाळेत चार बुकं शिकल्यावर आम्ही त्यावर हसायचो. पुढे वारुळाबद्दल वाचलं तेव्हा हसण्याची लाज वाटली. वाळवी खोलवरून मातीचा एकेक कण तोंडात धरून वर आणते, लाळेने चिकटवते आणि दुसऱ्या कणासाठी परत खाली जाते. पडलेली पानं, कुजकी फांदी, वाळलेलं गवत ती आत नेते आणि त्यावर बुरशीची बाग लावते. त्या बागेतून पावसाळ्यात जी अळमी, म्हणजे खायची भूछत्रं, वर येते तिच्यासाठी आमच्याकडची माणसं भल्या पहाटे रानात जातात आणि सापडलेली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. मेलेल्या झाडाची माती आणि त्या मातीचं पुन्हा अन्न करण्याचं काम अंधारात, कोणाला न दिसता चालू असतं. त्याचा वर दिसणारा एवढाच पुरावा म्हणजे वारूळ. भूमीला आई म्हणायचं तर तिचा मुखवटा म्हणून यापेक्षा योग्य काय निवडता आलं असतं? ज्या कोणी पहिल्यांदा वारुळासमोर हात जोडले त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. पण तो रोज तिथून जात होता आणि लक्ष देऊन पाहत होता. ते लक्ष देणं हीच त्याची पूजा होती, असं मला वाटतं.

दुसऱ्या एका गावात काय झालं ते मी पाहिलं आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी जे केलं ते श्रद्धेनेच केलं. वारुळाभोवती काळा ग्रॅनाइटचा चौथरा बांधला, खाली फवारणी झाली, सगळीकडे टाइल्स बसल्या. दोन पावसाळ्यांत वारूळ कोरडं पडलं. वरून भुगा पडायला लागला, तेव्हा कोणीतरी त्यावर सिमेंटचा हात फिरवला आणि गेरूचा रंग दिला. आता ते वारुळासारखं दिसतं. माणसं येतात, ओटी भरतात, नवस बोलतात. त्यांच्या श्रद्धेत काही उणं नाही. पण मी हात लावून पाहिला तेव्हा तळव्याला थंड, गुळगुळीत सिमेंट लागलं. पूर्वी तिथे ओलसर, खरखरीत माती लागायची आणि बोटाला एखादा कण चिकटून यायचा. तो कण आई आमच्या कपाळाला लावायची.

“देव काय मातीतच असतो का, संगमरवरात नसतो का?” असं मला एका चाकरमानी मित्राने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. देव सगळीकडे आहे असं म्हणणाऱ्याला संगमरवर वर्ज्य कसा असेल? पण संगमरवरात देव पाहणं फार सोपं आहे. तो महाग असतो, पांढरा असतो, चकाकतो, त्याच्यासमोर मान आपोआप झुकते. वारुळासमोर मान झुकवायला आधी काहीतरी शिकावं लागतं. आपल्या गावांनी ते शिकलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं. ती शिकवण हरवली तर पुन्हा कुठल्या शाळेत मिळणार नाही, आणि देणगीतून विकतही घेता येणार नाही.

ही शिकवण साठवून ठेवलेली जागा म्हणजे गाऱ्हाणं. सिंधुदुर्गातल्या माणसाला गाऱ्हाण्याबद्दल सांगावं लागत नाही. कार्य कुठलंही असो, गुरव किंवा मानकरी नारळ हातात धरून देवाला हाक मारतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. आपण ते कौतुकाने ऐकतो, त्याचे व्हिडिओ काढतो. पण त्यात कोणाकोणाला हाक मारलेली असते ते नीट ऐका. ग्रामदेवता पहिली, रवळनाथ, भूमका, पावणाई हे त्यांच्या मानाने. आणि मग चव्हाट्यावरचा, शिमेवरचा, व्हाळातला, वडाखालचा, जागेवाला, राखणदार, देवचार, बारा-पाचाचा. कोणाला देऊळ नाही, कोणाला मूर्ती नाही. एक दगड, एक झाड, वाटेचं एक वळण. गाऱ्हाणं ही गावातल्या सगळ्या दुर्लक्षित जागांची तोंडी नोंदवही आहे, आणि त्या जागा पुसल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पेरणीला ती मोठ्याने वाचली जाते. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा गेला आणि त्याच्या पोराला निम्मीच नावं पाठ असली, तर गावातून तेवढे देव उठले असंच समजायचं.

आता जीर्णोद्धाराची मुख्य कारणं दोन सांगतात. एक म्हणजे टिकाऊपणा. स्लॅबचं देऊळ शंभर वर्षं हलणार नाही, असं म्हणतात. मला सावंतवाडी तालुक्यातलं सांगेली आठवतं. तिथल्या गिरोबाचं रूप म्हणजे फणसाचं खोड. दर शिमग्याला नवं झाड निवडतात, वाजतगाजत तोडून आणतात, जुन्या खोडाच्या जागी नव्याची स्थापना करतात, आणि मग तोच वर्षभर देव. परसातल्या फणसाचा देव होतो आणि वर्षाने तो आपली जागा दुसऱ्या फणसाला देतो. टिकणं म्हणजे दगडासारखं जागचं न हलणं, असं त्या गावाने मानलं नाही. दरवर्षी पुन्हा करावं लागतं म्हणून दरवर्षी नव्या पोरांच्या खांद्याला ते खोड लागतं. स्लॅब टाकला की पुढच्या पिढीला वर्गणी देण्यापलीकडे काही करायला उरत नाही.

दुसरं कारण जागेचं. देवळापुढे गाड्या लावायला, मंडप घालायला मोकळी जागा पाहिजे, म्हणून रायीतली झाडं जातात. देवराईला आमच्याकडे राय म्हणतात. राईतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही हा नियम आमच्या आज्यांनी पाळला, चूल विझली तरी पाळला. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या, आणि गावकऱ्यांच्या मनातल्या देवाच्या धाकातून काय वाचलं आहे ते शास्त्राच्या भाषेत मांडलं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली राय तर दलदलीची आहे. नुसता चिखल, त्यात जायफळाच्या जातीतली झाडं, श्वास घेण्यासाठी गुडघे वर काढावेत तशी चिखलातून वर आलेली त्यांची मुळं. क्षेत्र उणेपुरे अडीच हेक्टर. दुसरीकडे कुठे असती तर ही पाणथळ बुजवून कधीच माडाची बाग झाली असती. देवाची म्हणून राहिली, आणि पुढे शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. चिखलालाही देवाचं नाव देता येतं, हे त्या गावाने कोणत्याही अहवालाच्या आधी ठरवलं होतं.

हे सगळं ज्या एका शब्दाने पुसलं जातं तो शब्द आपल्या सातबाऱ्यावर आहे: पोटखराब. लागवड होत नाही, खड्डा आहे, कातळ आहे, नाला आहे, की त्या क्षेत्रापुढे पोटखराब लिहायचं. महसुलाच्या हिशेबाला तो शब्द चालेल. जिथे पीक नाही तिथे सारा कसला घ्यायचा? पण हा शब्द तलाठ्याच्या कागदावरून आपल्या मनात कधी उतरला ते कळलं नाही. रत्नागिरी-राजापूरचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, घ्या. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलात तर काळपट जांभा तापलेला असतो, पाय ठेववत नाही. पोटखराबच म्हणाल. पण पहिला पाऊस पडल्यावर जा. दिपकाडीची पांढरी फुलं वाऱ्यावर हलत असतात. पुढे भाद्रपदात ‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलांनी सगळा सडा निळाजांभळा होतो. सुट्या दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल राहते, ती कोकणच्या सड्यांपलीकडे आढळत नाही. आणि सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या छिद्रांतून आत उतरतो, खालच्या चिकण मातीवर अडतो, आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतो. त्या झऱ्यावर पाट, पाटावर बाग, बागेत घर. खालच्या वाडीचं पाणी वरच्या पोटखराबातून येतं.

त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून चित्रं कोरली. कशेळीचा हत्ती १८ मीटरांच्या आसपास लांबीचा आहे, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी कोरलेले आहेत. गुराख्यांना ही चित्रं ठाऊक होती, देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ एक आहे. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडेच्या सडे पायाखाली घातले, म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले, तेव्हा बाहेरच्या जगाला ती कळली. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आता आपण अभिमान सांगतो. पण यादीत नाव येण्याआधी किती चित्रांवरून चिऱ्याच्या खाणीचं यंत्र फिरलं असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. चिरेखाणीवरच्या माणसाला मी काय बोलू? त्याच्या कागदावर तर ती जमीन खराबच होती.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप मी स्वतःच मोठ्याने मांडतो, कारण तो खरा आहे. जुनं ते सगळं पवित्र नाही. याच कोकणात माणसाला देवळाची पायरी चढू देत नव्हते. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी पदरमोड करून पतितपावन मंदिर उभारलं, ते सगळ्या जातींच्या माणसांना एकत्र आत जाता यावं म्हणून. नवं देऊळ बांधणं हे त्या वेळी धर्माचंच काम होतं. आजही कुठल्या देवळात मानपानाच्या नावाखाली एखाद्या वाडीला मागे उभं राहावं लागत असेल, तर त्या देवळाच्या भिंती खुशाल पाडा, मी पहिली पहार मारायला येईन. आणि गळकं छप्पर, बायकांना बसायला आडोसा नाही, जत्रेला आलेल्या म्हाताऱ्यांना शौचालय नाही, या अडचणी सोसत राहा असंही मी म्हणत नाही. शौचालय बांधाच, पण सातेरीचं वारूळ जिवंत ठेवून. एका गोष्टीसाठी दुसरी मारावी लागत नाही. शिमेवरच्या दगडाला तर दारच नाही. जाणारा कोणीही तिथे डहाळी ठेवतो, आणि पहिली डहाळी कोणाची असा मान मागताना तिथे मी कोणाला पाहिलेलं नाही. समतेची गोष्ट करायची तर या उघड्यावरच्या देवांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

चाकरमान्यांबद्दल एक शब्द. त्यांना नावं ठेवण्याची गावात फॅशन आहे आणि मला ती आवडत नाही. ज्याने पंधरा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढलं त्याला आपल्या देवीचं घर मोठं, लखलखीत असावं असं वाटतं, यात पैशाचा माज कमी आणि आठवण जास्त आहे. त्याला कोणी सांगत नाही की देवीचं घर म्हणजे गाभारा नव्हे, राय, व्हाळ, सडा मिळून तिचं घर आहे. सांगायचं काम गावात राहणाऱ्या आमचं होतं. आम्ही वर्गणीचा आकडा ऐकून गप्प बसलो.

गणपतीत सगळे आले की देवळात बैठक आहे. तिथे मी दोन गोष्टी मागणार आहे. पहिली, चौदावी ओळ खोडा, आणि गाभाऱ्याची जमीन मातीची राहू द्या. वारुळाभोवती फरशी नको, वर हवं ते छप्पर घाला, लाकडाला वाळवी लागेल याची धास्ती असेल तर वासे लोखंडी घाला. दुसरी, कुदळ मारण्याआधी गाऱ्हाण्यातली सगळी नावं जागेसह लिहून काढा आणि गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत घाला. २००२ च्या कायद्याने ही वही प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवायची आहे. तीत झाडाझुडपांच्या, पाखरांच्या नोंदी करतात. देवचाराचं झाड, राखणदाराचा दगड, पावणाईची बाव हीही त्याच वहीत जावीत. पुढचं अंदाजपत्रक करणाऱ्याच्या हातात आधी ती वही द्यावी, म्हणजे कशाला हात लावायचा नाही हे त्याला सांगावं लागणार नाही.

बैठकीची वाट न पाहता गेल्या रविवारी मी वही-पेन घेऊन गुरवांच्या घरी गेलो. भाऊ आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणाले, बसून नावं आठवत नाहीत, चालत चालत आठवतात. म्हणून आम्ही निघालो. देवळामागच्या रायीतून, चव्हाट्यावरून, खाली व्हाळाकडे. प्रत्येक जागी ते थांबायचे, पायातली चप्पल काढायचे, गाऱ्हाण्याच्या चालीत नाव घ्यायचे आणि मी लिहायचो. दुपारपर्यंत एकोणीस नावं झाली. त्यातली पाच मी जन्मात ऐकली नव्हती आणि दोन जागांवरून मी शाळेत जाताना रोज उडी मारून जात असे.

व्हाळाच्या कडेला करंजाखाली एक साधा काळा दगड होता, गुडघ्याहून लहान, निम्मा मातीत. भाऊ तिथे थांबले, चप्पल काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पेन धरून उभा. शेवटी म्हणाले, “ह्येचा नाव माका म्हायत नाय. पण बाबा हय फूल ठेवायचो.”

मी विसावा आकडा घातला, नावाची जागा कोरी सोडली आणि पुढे लिहिलं: व्हाळाकाठी, करंजाखाली. तोवर भाऊंनी वाकून एक रानफूल तोडलं होतं.